नॅनो, ओलेड आणि रोटरी एन्कोडर: मेनू कसा बांधावा?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी.

मामेभावाचा बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटा कारखाना आहे. भाज्या, फळं, पापड सुकवायची विजेवरची कपाटं बनवतो. आतापर्यंत बाजारातला तयार टेंपरेचर कंट्रोलर आणि वेगळा टायमर लावून काम भागत होतं. आता गिऱ्हाईक म्हणतं, तापमान, वेळ, पंखा, 'मेथी', 'आंबा', 'पापड' अशी तयार सेटिंग, सगळं एकाच डब्यात द्या. तो डबा माझ्या गळ्यात आलाय.

सामान असं: अर्दुइनो नॅनो, १.३ इंची ओलेड पडदा, केवाय-०४० एन्कोडर (गोल फिरणारा, दाबताही येणारा नॉब), तापमानाला डीएस१८बी२० सेन्सर, हीटर चालू-बंद करायला एसएसआर (सॉलिड स्टेट रिले). टेबलावर चालतं. पण नॉब एक खटका फिरवला की कधी दोन ओळी उडी मारतो, कधी हलतच नाही. मधेच सगळा मेनू अर्धा-पाऊण सेकंद गोठतो. आणि कोड म्हणजे स्विचच्या पोटात स्विच, त्याच्या पोटात इफ. भावाने 'पंख्याला तीन वेग दे' म्हटलं की चार ठिकाणी हात घालावा लागतो.

मेनूसाठी तयार लायब्ररी घ्यावी की स्वतः लिहावं? आणि भावाचा स्वतंत्र मुद्दा: हे फिरवायचं खूळ कशाला, तीन बटणं पुरेत. तुमचं काय मत?

रिकामटेकडा

भावाला म्हणावं, तीन बटणं लावली तर 'खाली' लिहिलेलं बटण आधी मरतं. मेनू लांब असला तर आणखी लवकर.

पुलअप

आधी वायरिंग बघू, कोड नंतर.

केवाय-०४०च्या पट्टीवर सीएलके आणि डीटी या दोन सिग्नल पिनांना १० किलोओहमचे पुलअप (पिन मोकळी असताना तिला 'एक'वर धरणारे रेझिस्टर) असतात. त्यांचं दुसरं टोक '+' पिनला जोडलेलं असतं. बरेच लोक विचार करतात की आपण कोडमध्ये आतले पुलअप चालू केलेत, मग '+' कशाला जोडा. ती पिन अधांतरी राहिली की ते दोन रेझिस्टर एकामागे एक येऊन सीएलके आणि डीटी यांच्यामध्ये २० किलोओहमचा पूल होतो. एक खाली गेली की दुसरीलाही ओढते. नॅनोतल्या एटीमेगा चिपचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे दुसरी पिन धड शून्यही नाही, धड एकही नाही. मग नॉब 'मनाला येईल तसा' वागतो आणि शिव्या एन्कोडरला बसतात.

बटणाच्या एसडब्ल्यू पिनचं उलटं. तिथे रेझिस्टरची जागा छापलेली असते, पण बऱ्याच पट्ट्यांवर रेझिस्टरच नसतो. तिला मात्र आतला पुलअप हवाच.

सप्लाय ५ व्होल्टचाच आहे ने? आणि खटका वाचताना कोडमध्ये डीले (थांबायचा आदेश) घातलाय का?

मांजलपूरकर

'+' ५ व्होल्टला जोडलेली आहे. डीले आहे, ५ मिलिसेकंदांचा, बाउन्ससाठी (संपर्क थरथरतो त्यासाठी). सीएलके बदलली की डीटी बघायची, वेगळी असेल तर पुढे, सारखी असेल तर मागे. सगळीकडे असंच दिलेलं आढळलं.

सायली_टी

डीले काढालच, पण त्याआधी एक प्रश्न. तापमान कुठे वाचता? डीएस१८बी२० ला १२ बिटांचं मोजमाप करायला ७५० मिलिसेकंद लागतात. लायब्ररीला तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर ती तेवढा वेळ तिथेच ताटकळत बसते. तुमचा 'अर्धा-पाऊण सेकंद' मला तरी ओळखीचा वाटतोय.

मांजलपूरकर

मुख्य लूपमध्येच. दर दोन सेकंदांनी.

सायली_टी

मग एन्कोडरवर खटला भरू नका, तो निर्दोष आहे. :)

लायब्ररीत मोजमाप संपेपर्यंत थांबायचं की नाही हे ठरवणारी सोय आहे, ती 'नाही' करा. 'मोज' असा आदेश द्या, वेळ टिपून ठेवा, लूप फिरू द्या, ७५० मिलिसेकंद उलटले की आकडा उचला. सुकवायच्या कपाटाला अंशाच्या सोळाव्या भागापर्यंतची अचूकता नको असेल तर ९ बिटांवर या. तिथे ९४ मिलिसेकंदांत काम होतं आणि अर्ध्या अंशाच्या पायऱ्या मिळतात. भेंडीला कळणारही नाही.

दुसरा चोर ओलेड. १२८ गुणिले ६४ ठिपके म्हणजे १,०२४ बाइट. आयटूसीवर (पडद्याला जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) प्रत्येक बाइटला पोचपावती धरून ९ बिट. १०० किलोहर्ट्झवर नुसत्या चित्राला ९२ मिलिसेकंद, वर आदेशांचे आणखी थोडे. ४०० किलोहर्ट्झवर हेच २५च्या आसपास येतं. म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीला पडदा रंगवत असाल तर नॉबकडे बघायला सवड कोणाला आहे? काही बदललं असेल तेव्हाच रंगवा. एक 'पडदा शिळा झालाय' असा झेंडा ठेवायचा. नॉब हलला, तापमान बदललं, मिनिट सरलं की झेंडा वर. रंगवून झालं की खाली. कॉन्टॅक्टर-मोटरच्या खरखरीत काम असेल तर तारा आखूड ठेवा, नाहीतर ४०० वर आयटूसी रुसते.

आयएसआर

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? एन्कोडर इंटरप्टवर घ्या, म्हणजे पिन बदलली की प्रोसेसर हातातलं काम सोडून आधी तिकडे बघतो. नॅनोच्या २ आणि ३ नंबरच्या पिना त्यासाठीच आहेत. मग मुख्य लूपमध्ये कोणी कितीही झोपलं तरी खटका चुकत नाही.

पुलअप

इथे माझा विरोध नोंदवून घ्या. हा एन्कोडर यांत्रिक आहे, पत्र्यावर पत्रा घासतो. एका खटक्यात संपर्क किती वेळा थरथरेल याचा नेम नाही आणि प्रत्येक थरथरीला इंटरप्ट लागतो. नॉब जुना झाला, आत धूळ-तेल गेलं की वाढतच जातं. गिऱ्हाइकाच्या हातात दोन वर्षांनी काय अवस्था असेल तो विचार करा.

त्यापेक्षा टायमरवर दर मिलिसेकंदाला दोन्ही पिना वाचा. मिलिसेकंद मोजणारा टायमर ० दर १.०२४ मिलिसेकंदांनी उलटतोच, त्याच्याच कंपेअर इंटरप्टवर आपलं काम टाकता येतं, वेगळा टायमर अडकत नाही. हाताने फिरवून फिरवून किती फिरवाल? सेकंदाला तीन फेरे धरा. २० खटक्यांचा नॉब, खटक्याला चार बदल, सेकंदाला २४० बदल. म्हणजे दोन बदलांत ४ मिलिसेकंद. एकदा वाचायला पुरेसे आहेत.

आणि 'सीएलके बदलली की डीटी बघ' हे सोडा. जुन्या दोन बिट आणि नव्या दोन बिट जोडून चार बिटांचा आकडा होतो, ० ते १५. सोळा घरांची एक पट्टी बनवा. जो बदल नियमाने शक्य आहे तिथे +१ किंवा -१, जो शक्यच नाही किंवा बदलच झाला नाही तिथे ०. बेरीज करत राहा. बेरीज +४ झाली की एक खटका पुढे, -४ झाली की एक मागे. संपर्क थरथरला तर +१, -१, +१, -१ होऊन आपोआप फिटतं. डीले नको, फिल्टर नको.

काही नॉबना खटक्याला दोनच बदल असतात. तिथे ४ च्या जागी २. 'एक खटका फिरवला तर दोन ओळी' किंवा 'दोन फिरवले तर एक ओळ' ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते.

आयएसआर

पट्टी मान्य. पण ती पट्टी इंटरप्टमध्येही ठेवता येते की! थरथर तिथेही फिटेल. वर १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा फिल्टर लावला की इंटरप्टही शहाण्यासारखे येतात. मी टायमर कारणाशिवाय चालवायच्या विरोधात आहे. बॅटरीवरचं यंत्र असेल तर दर मिलिसेकंदाला उठवून प्रोसेसरला झोपू देणार नाही का?

पुलअप

हीटर असलेलं कपाट बॅटरीवर?

आयएसआर

मुद्दा सर्वसाधारण होता. :)

बरं, कुठल्याही पंथाचे असा, एक लक्षात ठेवा. इंटरप्टमध्ये बदलणारा आकडा व्होलाटाइल हवा (म्हणजे दरवेळी मेमरीतून ताजा वाचला जातो). आणि तो १६ बिटांचा असेल तर नॅनोतला ८ बिटांचा एव्हीआर प्रोसेसर त्याला दोन घासांत वाचतो. मधे इंटरप्ट आला की अर्धा जुना, अर्धा नवा. वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, प्रत घ्या, परत चालू करा. किंवा आकडा ८ बिटांतच ठेवा.

झिगझॅग

नॅनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड घ्या ना. पल्स मोजायचं हार्डवेअर आतच आहे, रॅमही भरपूर. २०२५ मध्ये नॅनोवर का घासाघीस?

पुलअप

घ्या, पण '+' ३.३ व्होल्टला जोडा, ५ ला नाही. आणि ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअप नसतो. एसडब्ल्यू तिथे लावली तर बटण स्वतःच स्वतःला दाबत बसेल.

कलाभवनी

तरुण मंडळींचं वाचून मजा येते आहे. मी टेक्नॉलॉजी फॅकल्टीचा जुना विद्यार्थी. (सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं कलाभवन तेच. आमच्या घरात अजून त्याला कॉलेज कोणी म्हणत नाही, कलाभवनच म्हणतात.) आयुष्य कंट्रोल पॅनेल बांधण्यात गेलं.

एक अडाणी प्रश्न विचारतो. मेनू हवाच कशाला?

आमच्या वेळी थंबव्हील स्विच असायचे. दाते असलेली चाकं, वर छापील आकडे. तापमानाला दोन चाकं, मिनिटांना तीन. प्रत्येक चाकातून चार बिट निघतात, थेट बीसीडी, म्हणजे एका अंकाला चार बिट. ऑपरेटर लांबून बघतो, ६०, १८०. वीज गेली तरी आकडा दिसतो. ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) नको, पडदा नको, 'मागे जा' नको. कुठल्या पडद्यावर आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. यंत्र बंद असताना सेटिंग करून ठेवता येतं, हे तुमच्या ओलेडला जमतं का?

मांजलपूरकर

काका, जमत नाही. पण पाच चाकं म्हणजे वीस तारा, आणि 'मेथी', 'आंबा' कुठे बसवू?

कलाभवनी

सहावं चाक. ० ते ९, दहा पदार्थ. बाजूला स्टिकर. तारांचं म्हणाल तर चाकांच्या बिट एकत्र बांधायच्या, मधे डायोड, आणि एकेका चाकाचा कॉमन पाळीपाळीने चालू करायचा. चार तारा बिटांच्या, सहा कॉमनच्या.

रिकामटेकडा

काकांनी मेनूला स्टिकर केलं. मी या धाग्यावरून उठत नाही आता.

दांडियाबाजार

काका म्हणतात त्यात तथ्य आहे, पण गिऱ्हाइकाला 'डिजिटल' हवंय म्हणून तर हे चाललंय. कोडच्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळलेलं नाही म्हणून लिहितो.

स्विचच्या पोटात स्विच होतो कारण मेनू हा कोड आहे असं आपण धरतो. मेनू ही माहिती आहे. कागदावर आधी असं लिहा:

तापमान / आकडा / ४० ते ७० / पाऊल १ / अंश
वेळ / आकडा / १० ते ७२० / पाऊल १० / मिनिटं
पंखा / यादी / मंद, मध्यम, जोरात
पदार्थ / उपमेनू / मेथी, आंबा, पापड
मागे / क्रिया

हेच जसंच्या तसं स्ट्रक्टच्या ॲरेमध्ये (कोडमधल्या तक्त्यात) उतरवायचं: नाव, प्रकार, किमान, कमाल, पाऊल, ज्या चलाला बदलायचं त्याचा पॉइंटर. मेनू चालवणारा कोड एकदाच लिहायचा. त्याला फक्त तीन बातम्या कळतात: पुढे, मागे, दाबलं. आणि दोनच अवस्था: ओळ निवडतोय किंवा आकडा बदलतोय. पंख्याला वेग वाढवायचा तर तक्त्यात एक शब्द वाढतो, बाकी कोडला पत्ताही लागत नाही.

रंगवणारा भाग पूर्ण वेगळा. त्याला अवस्था द्या, तो पडदा काढेल. त्याने पिना वाचायच्या नाहीत, मेनूने ओलेडला हात लावायचा नाही. पुढे १६ गुणिले २ चा एलसीडी लावायची वेळ आली तर एकच फाइल बदलेल.

तयार लायब्ररी वाईट नसतात, पण त्या सगळ्यांच्या गरजा भागवायला बसलेल्या असतात. पाच-दहा ओळींच्या मेनूला स्वतःचं इंजिन दीडशे ओळींत होतं. मोठं उदाहरण बघायचं तर थ्रीडी प्रिंटरचं मार्लिन फर्मवेअर वाचा. १२८ गुणिले ६४ चा पडदा आणि एक नॉब, यावर सगळा प्रिंटर चालतो. खटक्याला किती पल्स, मेनूच्या एका ओळीला किती पायऱ्या, नॉबची दिशा उलटी करायची का, हे तिन्ही वेगवेगळे पर्याय म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवलेत. पुलअपने वर ४ आणि २ चं सांगितलं ना, तेच.

मांजलपूरकर

हे आवडलं. काल रात्री तक्ता लिहायला घेतला. पण रॅम संपते. ओलेडची लायब्ररी सुरू झाली की उरतच नाही काही, कधीकधी पडदा कोराच राहतो.

सायली_टी

नॅनोत २,०४८ बाइट रॅम. १,०२४ पडद्याच्या प्रतीला गेले. उरलेल्यात मेनूची नावं, सिरीयलचे बफर, स्टॅक. कोरा पडदा म्हणजे ती १,०२४ ची जागाच मिळाली नाही.

नावं आणि तक्ता प्रोगमेम वापरून फ्लॅशमध्ये (प्रोग्राम राहतो त्या मेमरीत) टाका, ती ३२ केबी आहे, तिथे राहू द्या. सिरीयलवर काही छापत असाल तर एफ मॅक्रोत गुंडाळा. आणि पडद्यासाठी यू८जी२ ही लायब्ररी घेऊन पानापानाने रंगवायची पद्धत वापरा. १,०२४ ऐवजी १२८ बाइट लागतात. मात्र तुमचं रंगवायचं फंक्शन एका चित्रासाठी आठ वेळा चालतं, पडद्याच्या आठ पट्ट्या म्हणून. त्याच्या आत नॉबचा किंवा तापमानाचा ताजा आकडा वाचू नका. वरच्या पट्टीत ५९ चं डोकं आणि खालच्या पट्टीत ६० चे पाय दिसतील. आधी प्रत घ्या, मग रंगवा.

१.३ इंची म्हणालात. बऱ्याचदा त्यात पडदा चालवणारी चिप एसएसडी१३०६ नसून एसएच११०६ असते. तिची मेमरी १३२ कॉलमची आणि दिसतात १२८, म्हणून चुकीचा ड्रायव्हर लावला की चित्र दोन ठिपके सरकतं आणि कडेला कचरा दिसतो. यू८जी२ मध्ये एसएच११०६ वेगळा निवडता येतो.

मांजलपूरकर

कडेची ती उभी रेघ! मी समजत होतो पडदा खराब निघाला. बदलून आणायला दुकानात जाणारच होतो.

मनीषा_करेलीबाग

सायलीताईंना आणि इतरांना: मेनू कुठल्या भाषेत? मकरपुऱ्यातले ऑपरेटर गुजराती नाहीतर हिंदी वाचणार. इंग्रजी 'सेटपॉइंट' कोणाला कळणार आहे?

दांडियाबाजार

१६ गुणिले २ च्या एलसीडीत तर विषयच संपला. स्वतःची अक्षरं आठच बनवता येतात, तीही ५ गुणिले ८ ठिपक्यांची. त्यात 'मेथी' बसवून बघा, वेलांटीला जागा उरत नाही.

ओलेडवर सोपा मार्ग म्हणजे अक्षरं जुळवत बसूच नका. काना-मात्रा-जोडाक्षरं जुळवणारं इंजिन नॅनोत बसणार नाही. अख्खा शब्दच चित्र म्हणून साठवा. ६४ रुंद, १६ उंच म्हणजे १२८ बाइट. बारा शब्द, मराठी-गुजराती-हिंदी तिन्हीत, मिळून साडेचार केबी. फ्लॅशमध्ये आरामात मावतात. आकडे तेवढे फॉन्टमधून.

इंदूरकर

आमच्याकडे नमकीनवाल्याच्या मशीनवर हेच केलंय, शब्दांऐवजी नुसती चित्रं. थर्मामीटर, घड्याळ, पंखा. भाषेचं भांडणच नाही.

रिकामटेकडा

आणि शेव? शेवेचं चित्र काढलंत की नाही?

इंदूरकर

शेवेला चित्र लागत नाही, वास येतो. सेव-उसळवाल्या बडोदेकरांनी शेवेवर बोलू नये.

विश्वामित्री (संपादक)

शेवेसाठी वेगळा धागा आहे. इथे एन्कोडर.

सायली_टी

जाताजाता, आणि हे मेनूपेक्षा महत्त्वाचं आहे. डीएस१८बी२० वीज मिळाल्याबरोबर, पहिलं मोजमाप होण्याआधी, ८५ अंश सांगतो. तार तुटली तर लायब्ररी -१२७ देते. तुमचा कोड नुसता 'सेटपेक्षा कमी असेल तर हीटर चालू' असेल, तर तुटलेली तार म्हणजे उणे एकशे सत्तावीस, म्हणजे हीटर कायम चालू. दोन्ही आकडे वेगळे ओळखा, हीटर बंद करा, पडद्यावर मोठ्या अक्षरात 'सेन्सर' लिहा. ८५ दिसला तर एकदा पुन्हा मोजून खात्री करा. तुमची कमाल मर्यादा ७० असेल तर ८५ खरा निघाला तरी हीटर बंदच हवा.

कलाभवनी

यात माझी भर. एसएसआर बिघडला की बहुधा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे हीटर चालूच राहतो. तुमचा मेनू कितीही सुंदर असो, त्याला काही करता येणार नाही. हीटरच्या लाइनमध्ये प्रोसेसरशी संबंध नसलेला थर्मल कटआउट (फार तापलं की स्वतःच वीज तोडणारा स्विच) टाका. यावर चर्चा नको, टाकाच.

मांजलपूरकर

टाकतो काका. तयार कंट्रोलरच्या वेळी भाऊ लावतच होता, या डब्यातही राहील.

सुजाता_फतेगंज

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली नाही. धागा चुकून उघडला आणि 'मेथी' वाचून थांबले. माझा घरगुती उद्योग आहे, सुकवलेली मेथी, कांदा, आंब्याच्या फोडी. असंच एक कपाट वापरते, त्यावर असाच गोल नॉब आहे. कोणाचं ते सांगत नाही. पण वापरणाऱ्या बाईचं कोणी विचारलं नाही म्हणून सांगते.

मला रोज फक्त दोन गोष्टी लागतात. सुरू करणे आणि किती वेळ. तापमान मी पदार्थ बदलला तरच बदलते. पण त्या यंत्रात 'सुरू' हे मेनूतल्या चौथ्या ओळीत आहे. पहिली ओळ भाषेची! भाषा मी रोज कशाला बदलू?

माझ्याकडच्या मदतनीस बाईंचे हात ओले असतात. नॉब दाबताना थोडा फिरतो, आणि ६० चं ५९ होतं, नाहीतर भलतीच ओळ निवडली जाते. मागे जायला म्हणे तो तीन सेकंद दाबून धरायचा. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं. तोपर्यंत आम्ही प्लग काढून घालत होतो.

आणि एक. वेळ शून्याकडे फिरवली की आणखी एक खटका मागे आणि थेट ९९९. एकदा रात्रभर चालू राहिलं, आंब्याची कौलं झाली.

दांडियाबाजार

सुजाताताई, तुमचा हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवायला हवा.

मांजलपूरकर, यातून तक्त्याला नियम मिळतात. आकड्यांची यादी कधीच गोल फिरू द्यायची नाही, टोकाला थांबायची. ओळींची यादी फिरली तर चालेल, मी तीही फिरवत नाही. 'मागे' ही दिसणारी ओळ हवी. दाबून धरणं हा जाणकारांसाठी जादा शॉर्टकट. आणि भाषा, दिशा, सेन्सरची दुरुस्ती वगैरे एकदाच लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या उपमेनूत, शेवटी.

पुलअप

दाबताना फिरण्यावर उपाय आहे. बटण खाली असेपर्यंत, आणि सुटल्यावर आणखी १०० मिलिसेकंद, नॉबचे खटके मोजायचेच नाहीत. शिवाय बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर मोजा. म्हणजे दाबून धरणं आणि साधं दाबणं वेगळंही ओळखता येतं.

आयएसआर

वेळ ७२० पर्यंत जाते, १० च्या पावलांनी ७१ खटके. नॉब वेगाने फिरवला तर पाऊल मोठं करायचं: दोन खटक्यांत ३० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर १० ऐवजी ६०.

सुजाता_फतेगंज

नको हो. मग १८० वर थांबायचं असतं आणि २४० वर जातो. त्यापेक्षा पदार्थ निवडला की वेळ आपोआप येऊ दे, मी थोडी पुढेमागे करीन.

आयएसआर

हरलो.

मांजलपूरकर

सगळ्यांचे आभार, सुजाताताईंचे विशेष. भावालाही हा धागा वाचायला दिला. आमचं ठरलं ते असं.

'सुरू/बंद' हे नॉबवर नाहीच. त्याला वेगळं मोठं हिरवं बटण, हात ओला असला तरी लागेल असं. मुख्य पडद्यावर तापमान, उरलेली वेळ आणि पदार्थ. नॉब फिरवला की थेट पदार्थ बदलतो, दाबला की मेनू. चालू असताना नुसता फिरवून पदार्थ बदलणार नाही, आधी बंद करावं लागेल. म्हणजे भावाचं एक बटण आलं, माझा नॉबही राहिला.

सेन्सरचं थांबणं काढल्यावर मेनू गोठायचा बंद झाला. सोळा घरांची पट्टी टायमरवर चढवली, खटका नि ओळ आता एकास एक. नावं प्रोगमेममध्ये गेली आणि पडदा एसएच११०६ निघाला. तक्ता अजून अर्धाच झालाय, पदार्थांच्या उपमेनूत अडकलोय.

दोन शंका. आकडा बदलताना प्रत्येक खटक्याला ईईप्रॉममध्ये लिहू का? आणि कोणी आकडा अर्धवट बदलून तसाच निघून गेला तर?

सायली_टी

प्रत्येक खटक्याला मुळीच नको. एका घराला एक लाख लेखनांची हमी असते. ऐकायला भरपूर वाटतं, पण कोणी उरलेली वेळ सेकंदाला एकदा लिहायला लागला तर २८ तासांत संपते. दाबून आकडा पक्का केला की एकदाच लिहा, आणि राइटऐवजी अपडेट वापरा, आधीचाच आकडा असेल तर लिहितच नाही.

अर्धवट सोडलं तर १५ सेकंदांनी जुना आकडा परत आणून मुख्य पडद्यावर. न दाबलेलं म्हणजे न ठरवलेलं.

पुलअप

मला उलटं वाटतं. माणसाने फिरवून १८० वर आणलं, डोळ्यांनी १८० बघितलं, निघून गेला. त्याच्या लेखी ठरलंय ते. मागे वळून बघेल तर १२०. तो यंत्रालाच खोटं म्हणेल.

सायली_टी

आणि पुसताना फडक्याने नॉब फिरला तर?

पुलअप

बदलण्याच्या अवस्थेत जायला आधी दाबावं लागतं ने. फडकं दाबून, फिरवून, थांबून बघत नाही.

कलाभवनी

थंबव्हीलला हा वाद नसतो. बाकी माझं मत सायलीच्या बाजूने, पण जुना आकडा आणण्याआधी पाच सेकंद तो आकडा लुकलुकवा, म्हणजे समोर उभा असेल त्याला कळेल.

सुजाता_फतेगंज

लुकलुकण्याबरोबर बारीक बझर द्या. स्वयंपाकघरात आमची पाठ असते यंत्राकडे.

मांजलपूरकर

बझरला पिन शिल्लक आहे, ए३. लावतो. पदार्थांचा उपमेनू तक्त्यात कसा गुंफायचा हे दांडियाबाजार यांनी जरा सविस्तर सांगावं. उपमेनूच्या ओळीत पॉइंटर दुसऱ्या तक्त्याचा ठेवला तर परत येताना आधीच्या तक्त्यातली नेमकी ओळ कशी आठवायची?

दांडियाबाजार

चार घरांचा छोटा स्टॅक. आत जाताना तक्त्याचा पॉइंटर आणि ओळीचा क्रमांक त्यात टाक, 'मागे' दाबलं की काढ. चारच्या वर उपमेनूत उपमेनू गेला तर सुजाताताईंना विचारून मगच पाचवं घर वाढव.